बाकीच्यांना मुभा

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल खोटी समजावी. पण जुन्या जालन्यात तो स्टुडिओ अजून आहे, त्याच्या खालचं चहाचं हॉटेल आहे, आणि जिच्यासोबत हे घडलं ती प्रिया माझ्या शेजारच्या टेबलावर बसून रोज काम करते. तिनं सांगितलं तसंच लिहितोय.

आणि यात रात्र नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. जे झालं ते सगळं भर दिवसा झालं.

गेल्या हिवाळ्यात झाली ही गोष्ट. निवडणुकीचं वारं सुटलं होतं. गल्लीबोळातून भोंगे लावलेल्या जीपा फिरत होत्या.

प्रियाची आई बेबीनंदाबाई, मूळची वाटूरची. भीमगीतं गाणारी बाई. तरुणपणी जिनिंगमध्ये कापूस वाहिला, त्यानं छातीत कायमची घरघर बसली. पण गळा असा की जयंतीला तिचं नाव पुकारलं की मागच्या बाया पोरं कडेवर घेऊन पुढं सरकायच्या. प्रत्येक कडव्याआधी ती मोठा श्वास घ्यायची. माइकमध्ये तो स्पष्ट ऐकू यायचा. रेकॉर्डिंगवाले म्हणायचे, हा काढून टाकू. ती म्हणायची, राहू द्या, तो बी माझाच हे.

पुढाऱ्यासाठी मात्र ती कधी गायली नाही. एकदा परतूरला एकानं गाण्यात स्वतःचं नाव घालायला सांगितलं, तर ती स्टेजवरून उतरली आणि चालत स्टँडवर गेली.

ती वारली त्याला वर्ष होत आलं होतं.

तिचा धाकटा भाऊ भारत. प्रियाचा मामा. रेकॉर्डिंगचा तो स्टुडिओ त्याचाच. प्रियाचे वडील लवकर वारले, तेव्हापासून मामांनीच तिला अंगाखांद्यावर वाढवलं. पहिला कॉम्प्युटर त्यांनीच आणून दिला. पुढं प्रिया लिनक्सचे सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागली, तेव्हा तिनं स्टुडिओतही एक सर्व्हर बसवून दिला. मायच्या साऱ्या जुन्या कॅसेटी त्यात उतरवल्या. कॅसेटी खराब होतात, हे जपून राहील, असं तिचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी ती स्टुडिओत जायची, मायचं एखादं गाणं ऐकायची आणि घरी यायची. तेवढंच तिचं दुःख हलकं व्हायचं.

त्या रविवारी दुपारी तिनं नेहमीचं गाणं उघडायला घेतलं.

उघडलं नाही.

पडद्यावर एकच ओळ आली... परवानगी नाही.

प्रियाला आधी हसू आलं. सर्व्हर तिचा, फाइल तिची. तिलाच परवानगी नाही?

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारच्या माणसांसाठी वेगवेगळी परवानगी असते. पहिला मालक. दुसरा गट, म्हणजे घरचीच माणसं म्हणा. आणि तिसरे बाकीचे. परके लोक. कोणी वाचायचं, कोणी बदलायचं, ते या तीन घरांत लिहिलेलं असतं. जिथं मुभा तिथं अक्षर, जिथं नाही तिथं रेघ.

मायच्या फायलींची मालक प्रिया होती. गटात मामा. बाकीच्यांना काहीच मुभा नव्हती.

प्रियानं परवानग्या पाहिल्या.

मालकाच्या घरात रेघा.

गटाच्या घरात रेघा.

आणि अगदी शेवटच्या घरात एक अक्षर... बाकीच्यांना वाचायची मुभा.

घरच्यांना बंद. परक्यांना उघडं.

असं कोणी मुद्दाम करत नाही. तिनं इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं सगळं पूर्ववत केलं, गाणं ऐकलं आणि घरी गेली.

पुढच्या रविवारी... पुन्हा तेच.

आता ती शोधायला बसली. अशा गोष्टी आपोआप होत नसतात. कुठलीतरी आज्ञा ठरलेल्या वेळी चालत असते, किंवा बॅकअप घेणारा प्रोग्राम गडबड करतो, किंवा कोणाच्या हाती पासवर्ड लागलेला असतो. तिनं एकेक तपासलं. ठरलेल्या वेळी चालणारं काही नव्हतं. बॅकअप बंद करून पाहिला. सगळे पासवर्ड बदलले.

आणि इंटरनेटची वायरच काढून टाकली. बाहेरून कोणी येत असेल तर आता येणार नाही.

मग तिनं पहारा बसवला. म्हणजे फाइलची परवानगी कोणी बदलली की मशीन त्याची नोंद करून ठेवतं, तशी सोय चालू केली. सगळं पूर्ववत केलं आणि समोरच खुर्ची टाकून बसली.

स्टुडिओची ती आतली खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. बाहेरचा भोंगा आत येत नाही, आतला आवाज बाहेर जात नाही. मशीनच्या पंख्याची तेवढी घरघर.

घरघर...

प्रियानं मान वर केली. मशीन तिच्या डाव्या बाजूला होतं. घरघर उजवीकडून येत होती. माइकच्या बाजूनं.

तिकडं पाहिलं तर माइक बंद. त्याची वायर गुंडाळून ठेवलेली.

तिनं पडद्याकडं नजर वळवली.

परवानग्या बदललेल्या होत्या. तिच्या डोळ्यांदेखत. तिनं एवढी मान वळवली, तेवढ्यात.

पहाऱ्याची नोंद पाहिली. कोणी बदललं, तिथं नाव नव्हतं. नुसता एक आकडा. आकडा येतो याचा अर्थ ते खातं आता अस्तित्वात नाही. पूर्वी होतं, काढून टाकलंय.

असं एकच खातं प्रियानं आजवर काढलं होतं.

सर्व्हर बसवला तेव्हा तिनं कौतुकानं मायच्या नावाचं खातं उघडलं होतं. माय हसली होती. मला काय करायचंय त्याचं, म्हणाली होती. माय गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर प्रियानं ते स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

 प्रिया घाबरली नाही, असं ती सांगते. तिला बरं वाटलं. माय आहे, एवढंच तिला वाटलं.

तिनं खाली जाऊन मामांना सांगितलं. खरं तर त्यांनी घाबरायला हवं होतं किंवा हसायला हवं होतं. मामांनी दोन्हीही केलं नाही. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले की तू त्या मशीनच्या नादी लागू नको, जुनं झालंय, मी नवीन घेतो. आणि लगेच, कोणत्या कोणत्या फायलींचं असं होऊन राह्यलंय, ते विचारलं.

ते विचारणं तिला खटकलं.

ती परत वर गेली आणि सगळा सर्व्हर चाळला. लग्नाच्या चित्रफिती होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगची गाणी जशीच्या तशी. ज्या फाइलमध्ये मायचा आवाज, तेवढ्याच फायली बदललेल्या.

आणि एक फोल्डर... जो तिनं कधी बनवलाच नव्हता.

मामांच्या नावावरचा. आतल्या फायलींना तशाच रेघा. तसंच शेवटी एक अक्षर.

पण यात कॅसेटी नव्हत्याच. मग मायचा आवाज कुठून?

गिऱ्हाइकांना आपलं काम ऐकता यावं म्हणून सर्व्हरवर एक पाहुण्याचं खातं होतं. मालक नाही, गटात नाही. नुसता बाकीच्यांतला. प्रियानं त्या खात्यातून फाइल उघडली आणि हेडफोन कानाला लावले.

ढोलकी सुरू झाली. मग माय गायला लागली.

प्रियाचे डोळे भरून आले. हे गाणं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. आवाज तोच. तोच खर्ज, शब्दाच्या शेवटी तोच हेलकावा.

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं.

काहीतरी चुकत होतं.

तिसरं कडवं आलं तेव्हा तिला कळलं.

श्वास नव्हता.

कडव्याआधी माय श्वास घेतच नव्हती. एकदाही नाही. जिवंत माणसानं इतकं सलग गाणं शक्यच नव्हतं.

मग शब्द कानात शिरले. गाण्यात एका पुढाऱ्याचं नाव होतं. माय त्याच्यासाठी मतं मागत होती.

तेवढ्यात दार लोटून मामा आत आले. प्रियानं काही न बोलता हेडफोन त्यांच्या कानाला लावला. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. तिच्याकडं पाहिलं नाही.

"कुठं सापडलं तुला?" ते म्हणाले.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

"मामा, हे मायचं गाणं न्हाई."

"न्हाई."

"मंग कोण गातंय?"

"मशीन."

मग ते खाली मान घालून सगळं सांगत बसले. पुण्याची कोणती तरी कंपनी होती. माणसाचा जुना आवाज घेते आणि त्याच आवाजात नवीन काहीही गाऊन देते. मामांनी मायच्या साऱ्या कॅसेटी त्यांना पाठवल्या होत्या. मशीनला बोलण्याचा आवाजही लागतो, असं कंपनीवाले म्हणाले. मग दवाखान्यात शेवटच्या दिवसांत माय जे पुटपुटायची, ते मामांनी उशाला मोबाइल ठेवून भरून घेतलं होतं, तेही पाठवलं. मायचं ते बोलणं कोणाशी होतं, काय होतं, ते प्रियाला कधी कळलं नाही.

पुढाऱ्यानं शब्द दिला होता. निवडून आलो की बेबीनंदाबाईंच्या नावानं वाटूरला सभागृह बांधतो.

"तिचा आवाज मरू द्यायचा न्हवता मला," मामा म्हणाले. "लोकं विसरून राह्यलेत तिला. तिचं नाव दगडावर कोरलं जाईल, प्रिया."

प्रिया म्हणाली की माय जिवंत असताना स्टेजवरून उतरली होती, ती असलं गायचं नव्हतं म्हणूनच. 

मग तिनं विचारलं की कंपनीनं असं कसं करू दिलं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारत नाहीत का?

मामांनी तोंडावरून हात फिरवला.

"वारसाची परवानगी लागते. तुझं नाव दिलं मी. लेक राजी हे म्हणून कळवलं."

प्रिया सांगते, त्या क्षणी तिला मामांचा राग आला नाही. राग मागाहून आला. तेव्हा नुसतं असं वाटलं की ज्या खांद्यावर आपण लहानपणी झोपलो, तो खांदाच कोणीतरी आपल्याखालून काढून घेतला.

त्या दोघांच्या मध्ये माइक होता. वायर गुंडाळलेली.

आणि दोघांनीही एकदमच ऐकलं...

मोठा श्वास. कोणीतरी गाणं सुरू करायच्या आधी घेतं, तसा.

पुढं गाणं आलं नाही.

मामा उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच बैठकीत त्यांनी ती सगळी बनावट गाणी पुसली. कंपनीला फोन केला, पुढाऱ्याच्या माणसाला फोन केला, शिव्या खाल्ल्या. वाटूरला प्रचाराची जीप येणार होती, त्या जीपवर ते गाणं वाजलं नाही.

प्रियाला वाटलं, संपलं. मायला हेच पाहिजे होतं. तिनं कुलूप लावलं ते मला चोर दाखवायलाच.

पुढच्या रविवारी ती एकटी स्टुडिओत गेली. मायची माफी मागायची, एक गाणं ऐकायचं, एवढंच मनात होतं. परवानग्या पाहिल्या.

रेघा तशाच होत्या.

तिनं सगळ्यात मोठा अधिकार वापरला. लिनक्समध्ये एक असं खातं असतं की त्याला कोणतंच कुलूप लागू होत नाही. सगळ्या कुलपांची एकच किल्ली म्हणा. त्यातून तिनं मायचं जुनं गाणं उघडलं. मोठ्या स्पीकरवर लावलं.

पेटी वाजली. ढोलकी वाजली. आता माय सूर उचलणार...

श्वास आला.

आवाज आला नाही.

ढोलकी चालूच होती. मायच्या जागी नुसती शांतता. कडवं भरेल एवढी शांतता. मग पुन्हा श्वास. पुन्हा शांतता.

प्रियानं दुसरं गाणं लावलं. तिसरं लावलं. सगळीकडं तेच. फायली खराब झाल्या, असं तिला वाटलं. मामांनी पुसता पुसता मायलाही पुसलं की काय. ती तिथंच डोक्याला हात लावून बसली. स्पीकर चालूच होता.

दारात कोणीतरी हुंदका दिला.

खालच्या हॉटेलातल्या द्वारकाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कपाळावर पदर, हातात ग्लास, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"किती दिसानं आयकला आवाज," त्या म्हणाल्या. "काय गळा होता गं तुझ्या मायचा."

प्रियानं त्यांच्याकडं पाहिलं. मग स्पीकरकडं.

स्पीकरमधून नुसती ढोलकी वाजत होती.

"मावशी, तुम्हाला गाणं ऐकू येऊन राह्यलं?"

"आता! बराबर येऊन राह्यलंय की," असं म्हणून द्वारकाबाईंनी हळूच ओळ गुणगुणली. ढोलकीला ती तंतोतंत बसत होती. कडवं संपलं तेव्हा त्या थांबल्या, आणि त्याच जागी श्वास आला.

प्रियानं मामांना वर बोलावलं. तेही ऐकत उभे राहिले. त्यांनी मान हलवली. त्यांनाही आवाज येत नव्हता.

घरच्यांना नाही. बाकीच्यांना मुभा.

तिनं गाणी पेनड्राइव्हवर घेतली. तिथं या परवानग्या टिकतच नाहीत, कोणीही काहीही वाचू शकतं. तरी नाही. कोणीतरी इंटरनेटवर टाकलेली मायची जयंतीची चित्रफीत मोबाइलवर लावली. माय हात उंचावून गाताना दिसली. ओठ हलत होते. समोरचे लोक टाळ्या वाजवत होते, त्या टाळ्यासुद्धा ऐकू येत होत्या. कानाच्या डॉक्टरकडं गेली. कान उत्तम होते.

मामांनी केलं त्याची शिक्षा मामांना, हे ती समजू शकत होती. पण तिनं काय केलं होतं? तिला तर विचारलंही नव्हतं कोणी. मायनं एवढं ओळखलं नाही का लेकीला?

या प्रश्नावर ती अजूनही मध्येच काम थांबवते.

उन्हाळा लागता लागता ती मैत्रिणीच्या लग्नाला बीडला निघाली. शहागडला बस थांबली. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं, रस्त्याकडेला एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती. टोपलीला मोबाइल टेकवलेला. त्यावर ढोलकी वाजत होती.

ढोलकी प्रियानं लगेच ओळखली.

ती जाऊन बाईसमोर उकिडवी बसली. गाणं कोणाचं, असं विचारलं. बाईला नाव माहीत नव्हतं. पण लई जीव लावून गाती म्हणाली, आणि गाणं सरल्यावर काय बोलती, ते ऐकून मला रोज रडू येतं.

प्रियाच्या अंगावर काटा आला. ते गाणं तिनं स्वतः कॅसेटवरून उतरवलं होतं. गाण्यानंतर त्यात काहीच बोललेलं नव्हतं.

ढोलकी थांबली. प्रियाला ट्रकचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. बाईनं बोट वर केलं. थांबा, आता बोलती.

आणि ती ऐकत राहिली. बराच वेळ. तिचे डोळे भरत गेले.

"काय म्हणली?" प्रियानं विचारलं.

बाईनं पदरानं डोळे पुसले. सांगायला तोंड उघडलं, आणि मग प्रियाच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं.

"तुमी कोण त्यांच्या?"

"लेक."

बाईचा हात मोबाइलवर गेला. तिनं तो उचलून टोपलीत पेरूंमध्ये पालथा ठेवला.

"मंग न्हाई सांगता यायचं, ताई," ती हळू म्हणाली. "घरच्याला सांगू नका, असं आधीच म्हणत्यात त्या."

बसनं भोंगा दिला. प्रिया बसमध्ये जाऊन बसली. बीडला कधी पोचली, ते तिला आठवत नाही.

हे सगळं तिनं मला ऑफिसात, दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितलं. मामांशी ती आता बोलत नाही. शेवटी तिनं मला एवढंच विचारलं, मी परवानगी दिलीच नव्हती, हे मायला कोण सांगणार?



त्या संध्याकाळी घरी येऊन मी ते गाणं शोधलं आणि ऐकलं. मी तिच्या घरचा नाही. मला आवाज येतो.

गाणं संपल्यावरचं बोलणंही.

दुसऱ्या दिवशी प्रियानं विचारलं, ऐकलंस का?

मी नाही म्हणालो.

ती रोज माझ्या शेजारी बसते. आणि मला रोज तिच्याशी खोटं बोलावं लागतं...